उतारावरचें परसूं

हा अंक वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां मृग नक्षत्र महिन्याभरावर येऊन ठेपलें असेल. कौलें चाळणें, सांडगे-पापड डब्यांत भरणें, लोणच्याच्या कैऱ्या फोडणें, हीं कामें घरोघर चाललीं असतील. या गडबडींत घराच्या मागल्या बाजूस कोणी फारसें फिरकत नाहीं. आणि तेथेंच या खेपेस आम्हांस वाचकांना न्यावयाचें आहे. घराच्या मागें चढती-उतरती जमीन असून तिचें काय करावें हें ज्यांस सुचलेलें नाहीं, अशीं कुटुंबें कोंकणांत पुष्कळ आहेत. घाटावर वाई-महाबळेश्वराकडे, किंवा पुण्याच्या टेकड्यांच्या कुशींत ज्यांनीं अलीकडे घरें बांधलीं त्यांतही आहेत. त्या सर्वांस उपयोगीं पडावी म्हणून आमच्याच घरची हकीकत येथें सांगतों. तींत आमची फजिती बरीच आहे. पण ती लपविली तर सांगण्यासारखें थोडेंच उरेल.

आमचें मूळचें घर रत्नागिरी जिल्ह्यांत, संगमेश्वर तालुक्यांत, जांभ्या दगडाच्या डोंगराच्या पायथ्याशीं आहे. घर चार भावांचें. दोघे बंधू नोकरीनिमित्त पुण्यास, एक ठाण्यास. गांवीं कायमचे राहणारे म्हणजे आम्ही, आमचें कुटुंब, मुलें आणि ८२ वर्षांच्या आमच्या काकू. गणपतींत आणि मे महिन्यांत मात्र सगळीं माणसें जमतात व पानें दोन पंगतींत मांडावीं लागतात. घरामागें सुमारें ४ गुंठे जमीन आहे. रुंदी ५० फूट, लांबी ८७ फूट, आणि तेवढ्या लांबींत २० फुटांचा चढ. पूर्वीं येथें दगडांचे गडगे होते, फणस होता, काकूंच्या तरुणपणीं बकूळही होती असें त्या सांगतात. आमच्या पाहण्यांत तेथें घाणेरी, रानमोडी, फुटकीं कौलें आणि जुन्या पाण्याच्या टाकीचे तुकडे एवढेंच होतें. चौघांची सामाईक जागा म्हणून एकानेंही तिच्यांत कुदळ घातली नव्हती.

मग २०१९ च्या मे महिन्यांत आम्हींच कुदळ घातली, आणि ती भलत्या ठिकाणीं घातली. मोटार घराच्या मागें वळविण्यास जागा हवी, म्हणून माती उकरण्याचें यंत्र बोलावून उताराचा पायथा ५ फूट उभा कापून घेतला. तळाशीं जुना गडगा होता त्याचे दगड खड्डे भरण्यास घातले. दोन तासांत लख्ख सपाट जागा झाली, आणि हें काम आपण पूर्वींच कां केलें नाहीं असें त्या दिवशीं आम्हांस वाटलें. डोंगराच्या उताराला त्याचा पायथाच टेकू देत असतो, तो काढला कीं वरची सगळी माती खालीं सरकण्यास मोकळी होते, ही साधी गोष्ट आमच्या ध्यानांत आली नाहीं.

पहिलीं दोन वर्षें निभावलीं. २०२१ च्या जुलैंत जो पाऊस झाला त्यानें चिपळूण बुडालें, आणि २२ जुलै रोजीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून कित्येक कुटुंबें नाहींशीं झालीं. त्याच आठवड्यांत आमच्या मागल्या पडवींत गुडघाभर चिखल आला. कापलेली उभी बाजू खचली होती. माजघराच्या भिंतीस हातभर उंचीपर्यंत ओल चढली, जोत्याच्या एका कोपऱ्याखालची माती धुपून गेली, आणि काकूंची खाट रात्रींच्या रात्रीं ओटीवर आणावी लागली. तळियेच्या बातम्या ऐकत ती रात्र आम्हीं जागून काढली. आपल्या घरावर आलेलें संकट आपणच पैसे मोजून आणलें आहे, हें त्या रात्रीं आम्हांस प्रथम नीट उमगलें.

गणपतींत सर्व बंधू जमले तेव्हां विचार सुरू झाला. ठाण्याच्या बंधूंचें म्हणणें, पायथ्याशीं सिमेंटची एकच उंच भिंत घालावी आणि वरचा सगळा उतार फरशीनें झांकून टाकावा, म्हणजे पुन्हां डोक्याला ताप नको. पुण्याचे धाकटे बंधू म्हणाले, एवढा खर्च करण्यापेक्षां घरच विकावें. हें वाक्य उच्चारलें गेल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मोदकांचें सारण ढवळीत असलेल्या काकू स्वयंपाकघरांतूनच म्हणाल्या, "अरे, विकायचं ते पुढं बघा. आधी वरचा पाट कुठं गेला तो शोधा. मी या घरात आले तेव्हा डोंगराचं पाणी घराकडं येतच नव्हतं."

पाट म्हणजे पाण्याची चर. तो कोठें होता हें आम्हां चौघांपैकीं कोणासही ठाऊक नव्हतें. दुसऱ्या दिवशीं काकूंना खुर्चीवर बसवून दोन पुतण्यांनीं वर नेलें. त्यांनीं काठीनें जागा दाखविली, आणि तेथें हातभर खणतांच जांभ्या दगडानें बांधलेली वीतभर रुंद चर लागली. ती परसाच्या वरच्या कडेनें आडवी जाऊन बाजूच्या ओढ्यास मिळत होती. पन्नास वर्षांच्या पाल्यानें आणि मातीनें ती भरून गेली होती, एवढेंच. घरांतलें वडील माणूस जें जाणतें तें वेळेवर विचारून घ्यावें, हा धडा आम्हांस त्या दिवशीं मिळाला.

आतां पाण्याचा हिशेब पाहूं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर तें पाणी एक लिटर भरतें. ४ गुंठे म्हणजे सुमारें ४०० चौरस मीटर. रत्नागिरी जिल्ह्यांत पावसाळ्यांत एका दिवशीं १०० मिलिमीटर पाऊस पडणें ही नवलाची गोष्ट नव्हे. तेवढ्यांत या लहानशा परसावर ४०,००० लिटर पाणी पडतें. गच्चीवर ठेवतात तसल्या हजार लिटरांच्या ४० टाक्या एका दिवसांत उतारावर ओतल्या, अशी कल्पना करावी. शिवाय पाट बुजल्यामुळें वरच्या डोंगराचें पाणी येत होतें तें निराळेंच. सगळा उतार फरशीनें झांकला असता तर यांतील एक थेंबही न मुरतां सारें पाणी धांवत जोत्यावर आलें असतें. म्हणून उतारावरच्या परसांत पहिला प्रश्न झाडांचा नाहीं, पाण्याचा आहे. वरचें परकें पाणी बाजूस काढावें. आपल्या जागेंत पडणाऱ्या पाण्याचा वेग मोडावा. मुरेल तेवढें मुरूं द्यावें. उरेल त्यास ठरलेली वाट द्यावी. एवढें साधलें म्हणजे झाडें आपलें काम करूं लागतात.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. झाडाझुडपांचीं मुळें वरची कांहीं फूट माती धरून ठेवतात. खोलवरून सरकणारी दरड त्यांच्यानें थांबत नाहीं. उताराच्या माथ्यावर जमिनीस नव्या भेगा दिसणें, झाडें किंवा खांब एका बाजूस कलणें, भिंतीस तिरकी चीर जाणें, दारें अचानक घट्ट बसूं लागणें, जेथें कधीं पाझर नव्हता तेथून गढूळ पाणी येणें, अशीं चिन्हें असतील तर बागेचा विचार बाजूस ठेवावा, पावसांत तें घर सोडावें, आणि जाणत्या स्थापत्य-अभियंत्यास बोलवावें. २०१४ सालीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण आणि २०२३ सालीं खालापुराजवळील इर्शाळवाडी येथें जें घडलें, त्यानंतर या बाबतींत हयगय करणें कोणासही शोभणार नाहीं. आम्हींही पहिला खर्च अभियंत्यांच्या भेटीवर केला. त्यांनीं एका उंच भिंतीऐवजीं कापलेल्या पायथ्याशीं पुन्हां भराव घालून, पायरीसारखे मागें-मागें सरकत जाणारे अडीच-अडीच फुटांचे दोन गडगे बांधण्यास सांगितलें. मोटार तेव्हांपासून पुढच्या रस्त्यावर उभी असते.

गडगा बांधण्यास आमच्या वाडीजवळचे एक वृद्ध गृहस्थ आले. त्यांचे वडीलही हेंच काम करीत. त्यांच्याकडून आम्ही जें शिकलों तें असें: पायथ्याशीं कठीण जमीन लागेपर्यंत, निदान वीतभर तरी, खणून मोठे दगड बसवावे. भिंत तळाशीं रुंद व वर अरुंद असावी, आणि ती उताराकडे किंचित् रेललेली असावी. फुटामागें दीड-दोन इंच पुरे. एका थरांतील सांध्यावर वरच्या थराचा सांधा येऊं देऊं नये. मधून मधून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालावा. भिंतीच्या मागें माती न भरतां आधीं लहान दगडांचा वीतभर थर द्यावा, म्हणजे पाणी त्यांतून निथळून बाहेर पडतें व भिंतीस फुगवीत नाहीं. चुना-सिमेंट यांचें येथें काम नाहीं. आम्हीं एकदां विचारलें, दोन दगडांमध्यें सिमेंट भरलें तर अधिक मजबूत होणार नाहीं काय? ते हंसून म्हणाले, "भाऊ, पाण्याला वाट ठेवली तर ते निमूट जातं. कोंडलं तर भिंत घेऊन जातं." ज्यांस सिमेंटचीच भिंत घालणें भाग असेल त्यांनीं तींत जागोजाग पाणी निघण्याचीं भोकें ठेवण्यास विसरूं नये. तीन फुटांहून उंच भिंत मात्र सल्ल्यावांचून हौसेनें कोणी बांधूं नये.

गडग्यांच्या वरचा उतार समपातळीच्या आडव्या ओळींनीं तोडावयाचा होता. समपातळी डोळ्यांनीं ठरवूं गेल्यास हटकून चुकते. तिच्यासाठीं घरच्या मुलांनीं एक साधन केलें, तें वाचकांच्या मुलांनींही करून पाहावें. सात-सात फुटांचे दोन बांबू वरच्या टोकांशीं बांधावे, खालचीं टोकें फांकवावीं व मध्यें एक आडवी पट्टी बांधावी. माथ्यावरून दोरींत दगड बांधून ओळंबा सोडावा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून दोरी पट्टीवर जेथें येईल तेथें खूण करावी. मग पायांची अदलाबदल करून पुन्हां त्याच दोन जागीं टेकवावें व दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यें तिसरी खूण केली कीं झालें. दोरी मधल्या खुणेवर आली म्हणजे दोन्ही पाय एका पातळींत. एक पाय जागेवर ठेवून दुसरा पुढें फिरवीत, दर पावलागणीक खुंटी ठोकीत गेलें कीं उतारावर समपातळीची रेघ उमटते. आमच्या पुतणीनें एका सकाळीं अशा पांच रेघा आंखल्या. एकीपासून दुसरी चार-चार फूट चढावर. त्या सरळ नव्हत्या, सापासारख्या वळत होत्या, आणि तशाच असावयास हव्या होत्या.

या रेघांवर आम्हीं वाळा लावला. वाळ्याचा उपयोग पाण्याच्या माठांत आणि उन्हाळ्याच्या पडद्यांत होतो हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु माती धरण्यांत त्याची बरोबरी करणारें गवत क्वचितच आढळेल. त्याचीं मुळें आडवीं न पसरतां सरळ खालीं जातात, चांगल्या मातींत तीन मीटरपर्यंत सुद्धां. कर्नाटकांतील गुंडलुपेटकडचे शेतकरी बांधावर पूर्वींपासून वाळा राखीत आले. १९८० नंतरच्या दशकांत जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनीं या गवताचा देशोदेशीं प्रसार केला. दक्षिणेकडे लागवडींत असलेल्या जातीस बहुधा रुजणारें बीं धरत नाहीं. म्हणून ती तणासारखी फैलावत नाहीं आणि ठोंब फोडूनच लावावी लागते. पाऊस सुरू होतांच चार-सहा बोटांच्या अंतरानें ठोंब लावावे, मध्यें खांडवे ठेवूं नयेत. पहिल्या पावसाळ्यांत ओळ विरळ दिसते. दुसऱ्या पावसाळ्यांत ती दाट होऊन वरून येणारी माती अडविते, आणि तिच्या मागें आपोआप लहानशी सपाट पायरी तयार होते.

आतां घाणेरी आणि रानमोडी. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडांतील. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं शोभेचें झुडूप म्हणून कलकत्त्याच्या बागेंत आली, आणि तेथून बाहेर पडून तिनें सारा देश व्यापला. तिच्या पाल्यानें गुरांस विषबाधा होते. आम्ही कोयता घेऊन सगळें एका दिवसांत साफ करण्यास निघालों होतों. त्या वृद्ध गृहस्थांनीं अडविलें: "सगळं एकदम उपटू नका. आज माती धरून आहेत ती हीच मुळं. दुसऱ्यांना आधी धरू दे, मग यांना रजा द्या." म्हणून दरवर्षीं एक तृतीयांश, तेही नव्या लागवडीच्या जवळचें, इतकेंच काढलें. घाणेरी नुसती वरून तोडली तर दुप्पट फुटते. जमिनीखालीं तीन-चार बोटें सोटमूळ तोडून झुडूप उलटें वाळत टाकावें. रानमोडी मात्र फुलण्यापूर्वीं, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, काढली पाहिजे. एकदां बीं उडालें कीं वर्षाचें काम फुकट. काढलेला पाला आम्हीं जाळला नाहीं. बियांवांचूनचा सगळा पाला उघड्या जमिनीवर अंथरला. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो तेव्हांच धूप सुरू होते. मध्यें पाल्याचें पांघरूण असलें कीं त्याचा मार तेथल्या तेथेंच मोडतो.

झाडें निवडतांना इथलींच निवडावीं असें आमचें मत झालें तें नुसत्या अभिमानानें नव्हे. चार महिने मुसळधार पाऊस आणि पुढें आठ महिने कोरडा जांभा, हा क्रम सोसणें फार थोड्या झाडांस जमतें. ज्यांस जमतें तीं याच मातींत वाढलेलीं आहेत. दुसरें असें कीं इथलीं पाखरें, फुलपांखरें आणि मधमाशा त्यांस ओळखतात.

माथ्याकडची जमीन उथळ व रखरखीत होती. तेथें करवंद, धायटी, मुरुडशेंग आणि पांढरा कुडा लावला. धायटी माघ-फाल्गुनांत लाल फुलांनीं भरते व तिच्यावर शिंजीर पक्ष्यांची दिवसभर ये-जा असते. मधल्या टप्प्यांवर कोकम, बेल, लिंबू, पारिजातक. आणि काकूंनीं दाखविलेल्या जुन्या जागीं बकूळ. कडेला निर्गुडी व अडुळसा. दोन्ही फांदी खोंचून येतात, गुरें त्यांस तोंड लावीत नाहींत, आणि घरांत औषधासही उपयोगीं पडतात. तळाशीं ओल टिकते तेथें तामण. महाराष्ट्राचें राज्यपुष्प म्हणून मान पावलेलें हें झाड जांभळ्या फुलांनीं मे महिन्यांत काय शोभतें, तें एकदां पाहावेंच. कोकमाविषयीं एक सूचना. त्याचीं नर व मादी झाडें निरनिराळीं असतात, आणि बियांपासून केलेल्या रोपांत सुमारें निम्मीं नर निघतात. तें कळावयास सात-आठ वर्षें लागतात. म्हणून फळांसाठीं कलमेंच आणावीं. दापोलीच्या कृषि-विद्यापीठानें 'कोंकण अमृता' नांवाची जात दिलेली आहे. वड, पिंपळ, उंबर हीं झाडें कितीही पूज्य असलीं तरी जोत्याजवळ येऊं देऊं नयेत. इतर मोठीं झाडेंही घरापासून १५-२० फुटांच्या आंत नसावीं, आणि गडग्याच्या अगदीं कडेवर तर मुळींच नसावीं.

खड्डे दोन फूट लांब, रुंद व खोल असे वैशाखांत खणून तापूं दिले. एका रेघेंत न खणतां आलटून पालटून खणले, म्हणजे उतार एका ओळींत कमकुवत होत नाहीं. पावसापूर्वीं ते शेणखत, पालापाचोळा व माती यांनीं भरून ठेवले आणि पहिल्या पावसाची धग ओसरल्यावर रोपें लावलीं. खरी परीक्षा उन्हाळ्यांत असते. फाल्गुनापासून दर रोपाजवळ न भाजता-रंगविता नव्हे, साध्या कुंभाराकडचें कच्च्या रंगाचें भाजलेलें मडकें गळ्यापर्यंत पुरलें व चार-पांच दिवसांनीं एकदां भरलें. पाणी मडक्यांतून झिरपत मुळांशीं जातें, उन्हानें उडून जात नाहीं. दोन उन्हाळे अशी काळजी घेतली. तिसऱ्या उन्हाळ्यांत बहुतेक झाडांस पाणी द्यावें लागलें नाहीं. न्हाणीघराचें पाणी पूर्वीं जोत्यालगतच मुरत असे, तें लहान चरींतून बाजूच्या केळी, अळू आणि कर्दळी यांस दिलें. स्वयंपाकघरांत त्यामुळें अळवाची फतफतें कमी पडत नाहींत.

सगळेंच साधलें असें मात्र नाहीं. लावलेल्या ४० रोपांपैकीं ११ मेलीं. सुरंगी दोनदां लावली, दोन्ही वेळां गेली. एका टप्प्याचा कोपरा २०२२ च्या पावसांत ढांसळला, कारण तेथील पाणी वळविण्याचा आम्हीं आळस केला होता. तथापि त्यानंतरच्या पावसाळ्यांत पडवींत चिखल आला नाहीं, आणि माजघराच्या भिंतीवरची ओल उतरत जाऊन आतां तेथें पुन्हां गिलावा धरला आहे. तेरडा कोणीं न लावतां वरच्या टप्प्यावर उगवूं लागला. गौरींसाठीं तो आतां घरचाच निघतो. टाकळा, फोडशी या पावसाळी भाज्याही आपण होऊन आल्या. लिंबाच्या पानांवर नीलवंत फुलपांखराची अळी पाहून मुलें पान तोडूं देत नाहींत. २०१५ सालीं महाराष्ट्रानें या फुलपांखरास राज्याचें फुलपांखरूं ठरविलें. कळलावीचे वेल मात्र मुलांस ओळखवून ठेवले आहेत, कारण फूल सुंदर असलें तरी तिचा कंद जहरी असतो.

सामाईक जागेचा प्रश्न कसा सुटला, हें कित्येक वाचक विचारतील. वाटणी केली नाहीं. पांच टप्प्यांपैकीं चार चौघांनीं सांभाळण्यास घेतले व पांचवा काकूंचा ठेवला. मे महिन्यांत आलें कीं ज्यानें त्यानें आपल्या टप्प्याचा पाट उपसावयाचा, ढळलेले दगड बसवावयाचे, मेलेल्या रोपाच्या जागीं नवें लावण्यास खड्डा खणावयाचा. घर विकावें म्हणणारे बंधू आतां पुण्याहून दर आठवड्यास आपल्या कोकमाची खुशाली विचारतात, आणि ठाण्याचे बंधू आल्या दिवशीं चहापूर्वीं वर जाऊन येतात.

शेवटचें काम पायऱ्यांचें. ते वृद्ध गृहस्थ नेहमींच्या उंचीच्या पायऱ्या घालीत होते, तेव्हां काकूंनीं त्यांना थांबवून सांगितलें, "दादा, माझ्या पायानं मोजा." म्हणून पायऱ्यांची उंची सहाच इंच ठेविली, पाऊल पूर्ण टेकेल इतकी रुंदी दिली, आणि एका बाजूस धरावयास बांबूचा कठडा केला. पडवींत चिखल आल्यापासून काकूंनीं मागल्या दारीं पाऊल टाकलें नव्हतें. देवाच्या फुलांसाठीं त्या शेजारच्या मुलीची वाट पाहत बसत. आतां श्रावणापासून दिवाळीपर्यंत रोज सकाळीं त्या काठी टेकीत तिसऱ्या टप्प्यापर्यंत चढतात आणि पारिजातकाचीं फुलें स्वतः वेंचून आणतात. बकुळीस अजून फूल नाहीं. तीस वेळ लागेल, हें त्यांनीं आम्हांस आधींच बजावून ठेवलें आहे.

असो. मृगास अजून अवकाश आहे. वाचकांनीं या महिन्यांत आणखी कांहीं केलें नाहीं तरी एक करावें: घरांतील सर्वांत वडील माणसास हात धरून परसांत न्यावें, आणि पूर्वीं येथून पाणी कसें जात असे तें विचारून घ्यावें. मग पहिला मोठा पाऊस लागला कीं छत्री घेऊन मागल्या दारीं उभें राहावें, पाणी कोठून येतें व कोठें जातें तें पाहावें, आणि तेथें तेथें खुंट्या ठोकाव्या. यंत्र बोलावण्याची घाई करूं नये.